हे दिवे आपलेच ना

कामतघरच्या वळणावर बाबांचा टेम्पो एका हातगाडीला घासला. फार काही झालं नाही. हातगाडीवर सुताचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले जाड रूळ, होते, त्यातला एक कलंडला, गाडीवाल्यानं त्याला पाठ लावून धरलं आणि म्हणाला, "चाचा, दिखता नहीं है क्या?" बाबांनी खिडकीतून हात काढून "चल, चल, आगे ले" केलं आणि गिअर टाकला. भिवंडीत हे रोजचंच. इथं कुणाला तरी घासल्याशिवाय माणूस नाक्यापर्यंत पोचत नाही, आणि घासलं म्हणून कुणी थांबतही नाही. पण मी शेजारच्या सीटवर बसलो होतो आणि ती हातगाडी मला चांगली लांबून, पार पिठाच्या गिरणीपासून दिसत होती. ती आडवी येणार हे कळत होतं. बाबा सरळ तिच्यावर चाललेत हेही कळत होतं. आणि मी काय केलं, तर हवापाण्याचं विचारावं तसं हळूच विचारलं, "बाबा, हातगाडी दिसली ना?" बाबा म्हणाले, "दिसली, दिसली." मग घासलं.

दिसली, दिसली. दोनदा म्हणायचं. कॅप्टन देवस्थळीही दोनदाच म्हणाले होते, "आपलेच, आपलेच." विमानात एक यंत्र असतं, ते आम्हा वैमानिकांचं बोलणं टिपून ठेवतं. विमान जळालं तरी त्याला काही होत नाही, माणसांचं मात्र व्हायचं ते होतं. त्या यंत्रातल्या फितीवर माझा आवाज आहे: "सर, हे दिवे आपलेच ना?" मग त्यांचा आवाज: "आपलेच, आपलेच." मग नुसती इंजिनं. मग झाडं. कॅप्टन गेले, त्यांच्या पाठीमागे बसलेले पुढच्या रांगांतले लोक गेले, आणि मी, शेजारचा, खांद्याचं हाड मोडून घेऊन जिवंत राहिलो. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आता मार्च संपत आलाय, एकोणनव्वद सालचा, आणि उद्या सकाळी मुंबईला चौकशीपुढं मला एवढंच सांगायचंय की तो प्रश्न विचारला तेव्हा मला ठाऊक होतं की नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर माझं सगळं अडकलंय.

मागच्या तारखेला त्यांनी ती फीत भर खोलीत वाजवली. आपला आवाज असा यंत्रातून ऐकायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. किती मऊ होता तो, शी. लग्नात पंगतीला आणखी भात वाढू का विचारतात तसा. समितीतल्या एका अधिकाऱ्यानं चष्मा काढून मला विचारलं, "म्हणजे मिस्टर रोकडे, ते दिवे कसले आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं, असं आम्ही समजायचं का?" माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं. प्रश्न विचारलाय म्हणजे माहीत नसणार, शाळेत हेच शिकवतात. मागच्या बाकावरून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, फार हळू नाही, "कोट्यातला आहे." मी पाणी मागितलं. पाणी प्यालो. पुन्हा मागितलं. मग त्यांनी पुढची तारीख दिली.

मला माहीत होतं. हे मी इथं, टेम्पोत, कापडाच्या गाठींचा वास नाकात घेऊन स्वतःला सांगू शकतो. तिथं सांगता येत नाही. धावपट्टीचे दिवे दोन रांगांत असतात आणि पांढरे असतात. ते दिवे पिवळे होते, एकाच रांगेत होते. तो कारखान्याकडे जाणारा रस्ता होता. त्या गावी मी त्याच महिन्यात उतरलो होतो, कॅप्टन दोन वर्षांनी येत होते, आणि त्यांच्या गैरहजेरीत त्या रस्त्यावर नवे खांब लागले होते. सकाळचं पहिलं विमान, खाली धुकं असं की कापूस पिंजून टाकलाय. ठरलेल्या उंचीवर आलो तेव्हा मी नियमाप्रमाणे "मिनिमम" म्हणालो. याच्या खाली धावपट्टी दिसल्याशिवाय जायचं नसतं. दिसली नाही तर शेजारच्यानं स्पष्ट म्हणायचं, गो अराउंड, वर घ्या, पुन्हा फिरून या. दोन शब्द. मला ते परीक्षेत झोपेतही म्हणता यायचे. कॅप्टन म्हणाले, "लाइट्स दिसले, उतरतोय." मी बाहेर बघितलं, उंचीच्या काट्याकडे बघितलं, परत बाहेर बघितलं. आणि तोंडातून जे आलं ते हे आलं, दिवे आपलेच ना.

राहनाळच्या गोदामाशी बाबांनी टेम्पो मागे घेतला. मागे घेताना त्यांनी मान वळवलीच नाही. हमालांचा आवाज ऐकत ऐकत घेतला. "आने दे, आने दे, बस." आवाजावर गाडी चालवणारा माणूस. डाव्या डोळ्यात मोती पिकलाय, उजव्यात धरतोय. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही कधी बोललेलं नाही. आई म्हणते, "ऊन लई हाय, आज जायाचंच का?" माझी बहीण बकुळा आली की म्हणते, "बाबा, टेम्पोला गिऱ्हाईक आलं तर किती येतील हो?" मी हाडं जुळल्यापासून रोज बाबांच्या शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, घरात करमत नाही. बाबांना वाटतं पोरगा आपल्या आधारानं दिवस काढतोय, तेव्हा ते मला नाक्यावर मुद्दाम चहा पाजतात. आम्ही सगळी अशी. सरळ बोलेल तर शपथ.

हे आलं कुठून तेही मला ठाऊक आहे. बाबा हाजीसेठकडे ड्रायव्हर होते, सेठची अँबॅसेडर त्यांनी इतकी वर्षं चालवली की गल्लीतली पोरं गाडीलाच बाबांच्या नावानं, तुळशीराम, म्हणायची. त्यांची एक गोष्ट आहे. मी ती भाकरीबरोबर खाल्लीय. पावसाळ्यात सेठला वाड्याकडे जायचं होतं, घाई होती, गणेशपुरीच्या अलीकडे तानसेचा पूल पाण्याखाली गेलेला. सेठ म्हणाला, निकाल गाडी. बाबा न्हाय म्हणाले नाहीत. त्यांनी गाडी हळू केली आणि विचारलं, "सेठ, पानी पुल के ऊपर से जा रहा है के नीचे से?" सेठ चिडून खाली उतरला, बघितलं, पाय भिजवून परत आला आणि म्हणाला, "तुलसी, वापस ले." मागून आलेला ट्रक गेला वाहून. गोष्ट संपली की बाबा बोट वर करायचे. "सायबाला चूक दावायची न्हाय. इचारायचं. सायेब आपसूक बघतो, आन् त्याला वाटतं त्यालाच सुचलं. तुजी नोकरी बी ऱ्हाते आन् गाडी बी ऱ्हाते." बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून मी ही गोष्ट ऐकायचो, आणि मला बाबांचा इतका अभिमान वाटायचा की छाती दुखायची. आजही वाटतो. तीच तर पंचाईत आहे.

आणि चालतंही ते. उगाच कशाला खोटं बोलू. शाळेत चाललं, फ्लाइंग क्लबात चाललं, कंपनीत तर फारच चाललं. "सर, इंधनाचं एकदा बघायचं का?" "सर, वारा जरा बदललाय का हो?" सर बघायचे. सर म्हणायचे, शाब्बास रोकडे, लक्ष असतं तुझं. बाकीचे को-पायलट बड्या घरचे, क्लबातले, ते कॅप्टनला सरळ म्हणायचे, अरे यार, काय करतोयस. आणि त्याचा कुणाला राग यायचा नाही. मी तसं म्हणालो असतो तर? माझ्या जागी, माझ्या आडनावानं? विचार करून बघा. मला एक चूक पुरली असती, मग ती कॅप्टनची का असेना.

देवस्थळी मात्र तसे नव्हते, हे सांगितलं पाहिजे. ते वाईट असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःच्या डब्यातलं घ्यायला लावलं. "रघू, आज तू उतरव," असं म्हणून हात मांडीवर ठेवून बसणारे तेच एकटे. आमच्या कामतघरच्या खोलीत आले होते, शेजारच्या लुमांच्या, यंत्रमागांच्या, खटखटाटात आईशी ओरडून बोलले, आणि आईच्या हातची बोंबलाची चटणी दोनदा मागून घेतली. आई, द्रौपदीबाई रोकडे, जिच्या हातचं पाणी तिच्या लहानपणी विहिरीवरच्या बायका लांबून टाळायच्या, तिनं त्या दिवशी संध्याकाळी गल्लीत प्रत्येकीला सांगितलं की बामनाचा सायेब चटणी मागून खाऊन गेला. अशा माणसाला, त्याचे दोन्ही हात विमानाच्या दांडीवर असताना, म्हणायचं, तुम्ही चुकलात? माझी जीभच वळली नाही. त्यांनी ऐकलं असतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यानंच मी मरतोय. त्या माणसानं ऐकलं असतं. मी म्हणायला हवं होतं.

दुपारी केसरीनाथ आला. केसरीनाथ पाटील, शाळेत माझ्या बाकावर होता, आता ठाण्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याच्या घरच्यांनी राहनाळची भातशेती गोदामांना विकली, त्यामुळे त्याला पैशाची फिकीर नाही आणि जिभेची तर कधीच नव्हती. तो माझ्याकडून फी घेत नाही. स्कूटर लावून आत आला, आईच्या हातून चहा घेतला आणि उभ्यानंच म्हणाला, "बोल. उद्या काय सांगणार हायस?"

मी म्हणालो, "तुला काय वाटतं?"

"हे बघ, तू मला इचारू नको. मी तुला इचारतोय." त्यानं कप खाली ठेवला. "म्हाईत नव्हतं म्हनलास तर लायसन जाईल. पन तेवढंच जाईल. धुकं होतं, नवीन होता, चूक झाली. म्हाईत होतं म्हनलास तर ती सगळी मानसं तुझ्या माथी बसतील, राघो. उद्या पेपरवाले लिहतील, याला दिसत होतं आन् हा गप बसला."

"मी गप्प नव्हतो."

"मग काय केलंस?"

"विचारलं."

त्याला ते कळलं नाही. मला वाटतं त्याच्या घरात असं कुणी बोलत नसेल. त्यांच्याकडे बांधावरून भांडतात तेसुद्धा दुसऱ्या गावाला ऐकू जातं. मग तो जरा हळू म्हणाला, "देवस्थळी मेलाय. मेलेल्याला काय फरक पडतो? तू सांगितलंस, त्यानं ऐकलं न्हाय, असं म्हन."

"फितीवर तसं नाही."

"तर मग म्हाईत नव्हतं म्हन आन् सुट. दुसरी नोकरी करशील. जीव तर वाचलाय ना."

तो गेल्यावर मी भिंतीला टेकून बसलो. माहीत नव्हतं म्हणायचं. सोपं आहे. मान खाली घालायची आणि म्हणायचं, नाही सर, कळलं नाही. समिती हळहळेल. आणि मागच्या बाकावरच्याचं खरं ठरेल. ज्या अभ्यासासाठी मी लुमांच्या आवाजात कानात कापूस कोंबून वर्षं काढली, तो सगळा एका वाक्यात गेला, की पिवळे दिवे आणि पांढरे दिवे याला कळत नाहीत. मी एकटा गेलो तर जाऊ दे. पण आमच्या वस्तीतली दोन मुलं आता माझं बघून त्या परीक्षेला बसतायत. त्यांची मुलाखत घेणाऱ्याच्या कानात माझी फीत वाजत असेल. आणि माहीत होतं म्हणायचं तर पुढचा प्रश्न येणार, मग का नाही बोललात? त्याला मी काय सांगू? तानसेचा पूल सांगू? बोंबलाची चटणी सांगू? ज्यांच्या घरचं माणूस गेलंय ते तिथं समोर बसलेले असतात. त्यातल्या एका बाईनं मागच्या वेळी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्ची बदलली. ती मला विचारील, तुला तोंड नव्हतं का रे? आणि खरं सांगायचं तर मला वाटतं नव्हतंच. माझी बायको मंदा मुलीला घेऊन महिन्याभरापूर्वी गणेशपुरीला माहेरी गेली, शाळेत पोरं मुलीला विमान पाडणाऱ्याची पोर म्हणून चिडवतात म्हणून. ती जाताना एवढंच म्हणाली, "तुम्ही एकदा काय ते सांगून टाका हो." मी तिला विचारलं, "तुला काय वाटतं, काय सांगू?" तिनं पिशवी उचलली.

सकाळी बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "मी सोडतो ठान्यापातूर. फुडं तू लोकलनं जा." आई म्हणाली, "एसटीनं गेला तर न्हाय का चालणार?" बाबा म्हणाले, "माझा पोरगा चौकशीला चाललाय, एसटीत उभा ऱ्हाऊन जाईल?" आईनं माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मी टेम्पोत चढलो.

अंजूरफाट्यापर्यंत गर्दी होती, गाडी हळू होती, बरं चाललं होतं. बाबा मूडमध्ये होते. "घाबरू नको. इचारतील त्याला सरळ जबाब दे. तू हुशार हायस." पुढं कशेळीकडे रस्ता मोकळा झाला तसा त्यांनी वेग घेतला. खाडीवरून धुरकट पांढरं उठलेलं होतं, पाण्यावरचं ऊन डोळ्यांवर येत होतं, आणि मी बाबांकडे बघितलं तर डोळे बारीक करून, पाणी गाळत, ते नुसते उजेडात बघत होते. कशेळीचा पूल अरुंद आहे. पुलावर ट्रक होता. उभा होता. त्याच्या मागे दगड लावलेले, आणि बंद गाडीमागे टाकतात तशी झाडाची फांदी रस्त्यावर टाकलेली. मला फांदीची पानं दिसत होती. बाबांचा पाय अॅक्सिलेटरवरून हलला नाही. आणि मी माझ्या कानांनी माझाच तो फितीवरचा आवाज ऐकला, "बाबा, तो ट्रक उभा आहे ना?"

"चाललाय, चाललाय," बाबा म्हणाले.

त्यानंतर मी काय काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्यांचा हात दाबला. मी म्हणालो, "थांबवा. उभा आहे तो. ब्रेक दाबा, तुम्हाला दिसत नाही." ओरडलो असेन, कारण घसा नंतर दुखत होता. ब्रेक लागला, टेम्पो तिरका झाला, मागं रिकाम्या हौद्यात स्टेपनी आदळली, आणि आम्ही थांबलो. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावले. फांदी आमच्या चाकाखाली गेली होती.

बाबा स्टिअरिंग धरून बसून राहिले. मग उतरले. पुढं गेले आणि त्यांनी हात लांब केला. दुसरं पाऊल टाकावं लागलं नाही. ट्रकचा फाळका हाताला लागला. त्यांनी तो चाचपला, वरून खाली, जसा गुरांचा सौदा करताना चाचपतात, आणि तिथंच उभे राहिले. मी उतरून त्यांच्याजवळ गेलो.

"कवापासून म्हाईत हाय तुला? माझ्या डोळ्यांचं."

"आलो त्या दिवसापासून."

"तुझ्या आयेला?"

"तिलाही."

"मंग बोल्ला का न्हाईस?"

"विचारत होतो की, बाबा," मी म्हणालो. "रोज विचारत होतो."

त्यांनी मान वर केली. माझा चेहरा त्यांना दिसत होता की नाही कुणास ठाऊक, पण ते बघत राहिले. खालून खाडीच्या चिखलाचा वास येत होता. मागचा एक ट्रकवाला शिव्या देत होता. मग बाबांनी अगदी हळू विचारलं, "त्या इमानात बी? असंच इचारलंस?"

"हो."

"तुला म्हाईत व्हतं."

"हो, बाबा. माहीत होतं. ते दिवे आपले नव्हते."

हे मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो. काही हलकं वगैरे वाटलं नाही. उलट ती सगळी माणसं एकदम जवळ आली, ती चौकशीतली बाई, कॅप्टन, त्यांचा डबा. पण बोलता आलं होतं. एकदा आलं म्हणजे तिथं, त्या खोलीत, दुसऱ्यांदाही येईल, आणि पुढं का नाही बोललात म्हणतील तर तेही जे आहे ते सांगीन, कुणाला कळो न कळो. लायसन जाईल. माणसं माथी येतील. ती आहेतच.

बाबांनी ट्रकवरचा हात काढला, शर्टाला पुसला, आणि फाळक्याकडे तोंड करून म्हणाले, "मीच शिकवलं तुला." नाही म्हणता आलं असतं. मला ते खोटं बोलायचं नव्हतं. मग ते वळले आणि टेम्पोच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या सीटकडे, बोनेटवर हात ठेवत ठेवत चालत गेले. किल्ली गाडीलाच होती. मी त्यांच्या जागेवर बसलो, सीट गरम होती. फांदी मी चढण्याआधीच सोडवून बाजूला टाकली होती, ट्रकला वळसा घालून गाडी काढली.

ते समोर बघत होते, हात मांडीवर ठेवून. खाली पाणी चमकत होतं आणि समोर सगळं पांढरं होतं.

"राघो," ते म्हणाले, "ठानं आलं का?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "अजून पूलच आहे."